खालची पानं

डाव्या कुशीवर असलो की मला लिहिता येतं. उजव्या कुशीवर वळवलं की लिहायचा हात अंगाखाली जातो आणि लिहिणं बंद. म्हणून हे लिखाण तुटक झालं आहे, वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. मी मराठी तिसरीत होतो तेव्हा मास्तरनं छडी मारली, मी ती छडी मोडली आणि घरी आलो. शाळा तिथंच संपली. बापानं पानमळ्यात घातलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तेल्हाऱ्याच्या बाजूला आमचे पिढीजात पानमळे. माझ्या हाताची पानाची करंडी अकोल्याला रेल्वेत चढली की भुसावळच्या पलीकडचा व्यापारी ती न उघडता घेत असे. हा गर्व मी लपवत नाही, कारण पुढची सगळी गोष्ट त्या गर्वाचीच आहे.

पानमळा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेवरीच्या झाडांवर नागवेल चढवलेली असते, आत दिवसाही सावली आणि गारवा. आम्ही आंघोळ करून, अनवाणी पायानं आत जातो. वहाण बाहेर. वेल म्हणजे आमच्या घरी देवीच. वर्षाचा पहिला खुडा जगदंबेला दिल्याशिवाय आम्ही एक पान विकलं नाही. आणि अशा जागी, अशा पायांनी गेलेला माझा एकुलता एक मुलगा शंकर शिडीवरून पडला. वैशाखाचे दिवस होते. खालून मीच ओरडत होतो, "इतकी ओळ आजच बांधून टाक, उद्यावर नको ठेवू." फांदी मोडली, शिडी सरकली. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज अजून कानातून गेला नाही.

त्या दिवशी देवीवरचा माझा विश्वास उडाला असं म्हणणं खरं होणार नाही. विश्वास होता, पण राग त्याच्या वर होता. गाडीत शंकरला घालून अकोल्याला नेताना मी नवस बोललो. तो नवस कसला, दटावणीच ती. म्हटलं, "पोरगा आपल्या पायानं घरी आला त तुले एकशे एक पानाचा विडा. नाई आला, त माह्या मळ्यातलं पान तुले पुन्हा दिसनार नाई." चाळीस वर्षं तिला पान देत होतो, म्हणजे माझं तिच्यावर काही येणं आहे अशी माझी समजूत होती.

अकोल्यातल्या एका दवाखान्यात त्याला ठेवलं. कोणता ते लिहीत नाही, कारण दोष तिथल्या माणसांचा नव्हता. डाक्टरनं हाड बसवलं आणि काखेपासून पायाच्या टाचेपर्यंत लांब लाकडी पट्टी बांधून टाकली. म्हणाले, दोन महिने असंच पडून राहायचं, हाड धरेल, पोरगा तरुण आहे. मला वाटलं, संपलं. पण हाड मोडलेला माणूस हाडानं मरत नाही, पडून राहिल्यानं मरतो, हे मला माहीत नव्हतं. ते त्या वार्डात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाला बसायला वेळ नव्हता.

ती म्हणजे सगुणाबाई. अमरावतीकडची किरिस्ताव बाई, पस्तिशीची असेल, अंगानं काटकुळी. वार्डात बत्तीस खाटा आणि नर्स ती एकटी. दुसरी नर्स होती, तिला पटकीच्या साथीच्या कामावर खेड्यांत पाठवली होती. आणखी एक नर्स मिळावी म्हणून डाक्टरसाहेबांनी नागपूरच्या सरकारला अर्ज केला होता. शेजारच्या खाटेवरचा करीमभाई टांगेवाला म्हणायचा, "तो अर्ज पायी गेला हाये. पोहोचल वर्षा-दीड वर्षात." ताप पाहणं, जखमा धुणं, सुया उकळणं, अंग पुसणं, मेलेल्याला झाकणं आणि ती खाट पुसून दुसऱ्याला देणं, सगळं तीच करी. उन्हाळ्यात पाण्याचे हाल. चादरी पुरेशा नव्हत्या. ती जेवताना मी पाहिली नाही. खिडकीत एक भाकर ठेवलेली असे, जाता-येता तिचा तुकडा मोडी. आणि एवढं करून निम्मे पेशंट तिच्या हातचं पाणी पीत नसत. त्या निम्म्यांत मी पहिला. मी माझा लोटा वेगळा ठेवला होता.

पहिल्याच दिवशी तिनं मला शिकवलं. "आबाजी, मी एकटी किती जागी पुरनार? दर दोन तासांनी पोराले थोडं उचलायचं, पट्टीसकट एका बाजूले कलतं करायचं. पाठ अन कंबर पुसायची, हे स्पिरिट लावून चोळायचं, चादरीची वळी सरळ करायची. नाई त माणूस खालून सडते. समजलं का जी?"

समजलं होतं. पण मला शिकवणारी ही कोण, हे मनात आलं. आणि दुसरं असं की आमच्या धंद्यात वेलाचा बुंधा चिरला तर आम्ही त्याला बांधतो आणि आठ-पंधरा दिवस वाराही लागू देत नाही. हलवला की गेला. मला वाटलं, हाडाचंही तसंच. बाई पुस्तकातलं सांगते, मी मळ्यातलं जाणतो. मी त्याला हलवलं नाही. शंकर म्हणायचा, "बाबा, कंबर लय आगआग करते, थोडं उचला ना." मी म्हणायचो, "सहन कर. हाड धरून रायलं."

करीमभाई सगळं पाहत होता. त्याच्याच घोडीनं त्याच्या कमरेत लाथ मारली होती. तो म्हणाला, "काय बुढेबा, पोराले शाळिग्राम समजले काय? स्थापना केल्यावानी ठेवला. हलवत नाई, काई नाई."

मी म्हणालो, "तू आपली घोडी सांभाळ."

"सांभाळली असती त इथी असतो का?" तो म्हणाला आणि हसता हसता कळवळला.

सगुणाबाई दर फेरीला विचारी, "वळवलं का जी, आबाजी?" मी म्हणायचो, "हो." ती खाटेच्या कागदावर लिहायची आणि पुढच्या खाटेकडे जायची. इतकंच. उचलून पाहिलं असतं तर तिला दिसलं असतं, पण उचलून पाहायला लागणारा वेळ पुढच्या कोणाचा तरी होता. तिनं माझ्या तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवला. पांढऱ्या मिशा आणि बरं पागोटं पाहून ठेवला असेल.

दहाव्या-अकराव्या दिवशी मीच एकदा हात घालून पाहिलं. कमरेखाली तळहाताएवढी जागा लालजर्द, मधे कातडी गेलेली. मी घाबरलो. तेव्हा तरी सांगायला पाहिजे होतं. पण सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही वळवत नव्हता. ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून मी घरचा उपाय केला. गळवावर आम्ही एरंडीचं तेल लावून गरम पान बांधतो, गळू पिकून फुटतं, मोकळं होतं. माझ्या मळ्याच्या पानात गुण नाही असं कोण म्हणेल? बाई पाठमोरी असताना मी माझ्या चंचीतली दोन पानं तिच्याच सुया उकळायच्या शेगडीवर शेकली आणि त्या जागेवर बांधून चादर ओढून घेतली. गळू आणि ही जखम यांत फरक आहे, हे आज मला कळतं. कोंडलेला ओलावा आणि वरून सगळ्या अंगाचा भार. पण त्या वेळी बांधताना मी देवीचं नाव घेतलं आणि मला वाटलं, आता बरं होतं.

त्याच दिवशी, सोमवारी, पुतण्यानं मोटारीनं पानाची करंडी पाठवली. नवसाची पानं. नवस फिटायचा नव्हता अजून, पण मी म्हटलं, आधीच विडा देऊन टाकू, म्हणजे देवीला मागे हटता येणार नाही. शुक्रवारी द्यायचं ठरवलं. करंडीवर ओलं फडकं घालून खाटेखाली ठेवली. सगुणाबाई खाली वाकून म्हणाली, "हे ओलं काय ठेवलं?" मी म्हणालो, "देवीचं हाये. हात लावू नका." उठताना तिनं खाटेची दांडी धरली. तेव्हा मी पाहिलं की तिच्या पायात बूट नव्हते. पाय सुजून असे झाले होते की बूट चढत नसावेत. फरशीवर अनवाणीच फिरत होती. मला एक क्षण मळा आठवला, का ते त्या वेळी कळलं नाही.

मंगळवारी शंकरला ताप चढला. बुधवारी तो बरळायला लागला. गुरुवारी सकाळी डाक्टरसाहेब फेरीला आले, खाटेजवळ थांबले, नाक वर केलं आणि स्वतःच चादर काढली. पान काळं पडून चिकटलं होतं. ते काढलं तेव्हा जो वास आला त्यानं करीमभाईनंही तोंड फिरवलं. खाली मांस काळं झालं होतं.

"हे काय आहे?"

"औषध हाये, साहेब. पान."

"याला वळवत होता का?"

सगळा वार्ड ऐकत होता. मी म्हणालो, "वळवत होतो."

साहेबांनी कागद पाहिला. त्यावर रोजच्या रोज, दर दोन तासांनी वळवल्याची सगुणाबाईची सही. ते तिच्याकडे वळले. "हा माणूस अडाणी आहे. तुम्ही शिकलेल्या आहात. बत्तीस खाटा मलाही दिसतात. पण न वळवता वळवलं असं लिहिलंत. उद्या फेरीच्या वेळी मला लेखी जबाब पाहिजे. आणि हे सडणं हाडापर्यंत गेलं, तर पोरगा हातचा गेला."

सगुणाबाईनं माझ्याकडे एकदा पाहिलं. ती म्हणू शकली असती, की या म्हाताऱ्यानं मला सांगितलं होतं. ती म्हणाली, "माझंच पाहणं कमी पडलं, साहेब." आणि गरम पाणी आणायला गेली. त्या दिवशी तिनं शंकरची जखम चार वेळा धुतली. चौथ्या वेळी तिनं खाटेशी गुडघे टेकून ती धुतली. मी बाजूला उभा होतो. मला सांगता येत होतं आणि मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले आहेत.

शुक्रवारी उजाडताच मी करंडी घेऊन मोर्णा नदीच्या काठच्या एका लहानशा देवीच्या देवळात गेलो. देवळाचं नाव मला माहीत नव्हतं, आजही नाही. पायरीवर एक म्हातारी बसली होती, हातात खराटा, लुगड्याला ठिगळ. मी तिच्याकडे न पाहता करंडी उघडली. वरची पानं हिरवीगार, देखणी. मी मनात म्हटलं, पाहा, कोणाचं पान आहे. मग मोजून घ्यावीत म्हणून हात आत घातला. हात काळ्या चिखलात गेला.

पान कसं टिकतं ते सांगतो. रोज करंडी उघडायची, खालची पानं वर आणायची, वरची खाली न्यायची, डाग पडलेलं काढून टाकायचं, बोटाचं नख लागू द्यायचं नाही. रोज. एक दिवस चुकला तरी खालची पानं वरच्यांच्या भारानं घामेजतात आणि सडतात, आणि वरून काही दिसत नाही. हे मला माझ्या बापानं सातव्या वर्षी शिकवलं होतं. चाळीस वर्षांत माझी करंडी कधी सडली नव्हती. सोमवारपासून मी ती उघडलीच नव्हती.

म्हातारी वाकून पाहत होती. "वरून हिरवं दिसते रे बावा. खालची मेली. पलटवली नाई काय?"

"वेळ नाई भेटला, माय."

"कोनाले भेटते?" ती म्हणाली. खराटा बाजूला ठेवून ती करंडीशी बसली आणि एक एक पान चिखलातून वेगळं करू लागली. मी तसाच उभा होतो. तिचा हात असा चालत होता जसा माझ्या बापाचा चाले. बराच वेळ गेला. तिनं थोडी पानं पदरावर पुसून माझ्या ओंजळीत ठेवली. "इतकी जित्ती हायेत. धू अन वाह. बाकीच्याईसाठी रडू नको. देवी काई मोजून नाई घेत."

सत्तावीस पानं निघाली. एकशे एक म्हणून दटावणी दिली होती आणि सत्तावीस घेऊन उभा होतो. देवीपुढे मी काही मागितलं नाही. मागायला तोंडच नव्हतं. पानं ठेवली आणि बसलो, आणि बसल्या बसल्या मला ते सुजलेले अनवाणी पाय दिसायला लागले. मळ्यात आम्ही जसे जातो, तशी ती बाई वार्डात जात होती. फरक इतकाच की मी चाळीस वर्षं मळ्याच्या देवघरात जात होतो तो माल काढायला. आणि तिच्या पाठीवर मी माझं सडलेलं टाकून आलो होतो.

उठलो तेव्हा म्हातारी पायरीवर नव्हती. पुढे शंकर बरा झाल्यावर मी तिच्यासाठी लुगडं घेऊन गेलो होतो. पुजारी म्हणाला, "झाडझूड मीच करतो. पण म्हाताऱ्याकोताऱ्या येतातच बसायला, कोणती सांगू?" मीही त्याला जास्त विचारलं नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं. लुगडं मी देवीच्या पायांशी ठेवून आलो.

फेरी सुरू व्हायच्या आत दवाखान्यात पोहोचलो. साहेब आले. सगुणाबाईनं घडी केलेला कागद पुढे केला. साहेबांनी तो उघडायच्या आधी मी मधे गेलो. आयुष्यात कोणापुढे मान खाली घातली नव्हती, त्यामुळे ती कशी घालतात हे मला नीट जमलंही नसेल.

"साहेब, बाईनं जे लिहिलं ते मी सांगतलं म्हनून लिहिलं. मी खोटं बोललो. पोराले मी एकडाव वळवलं नाई. पान मीच बांधलं. कालही खोटंच बोललो, साऱ्याईसमोर. म्हनून आज साऱ्याईसमोर सांगून रायलो."

साहेब माझ्याकडे पाहत राहिले. रागावतील असं वाटलं होतं, पण ते थकलेले दिसले. "आता तुमचं काय करू, आबा? घरी पाठवू?"

"नका पाठवू. काम सांगा."

सगुणाबाई इतकंच म्हणाली, "आधी हात धुवा. साबनानं. कोपरापर्यंत."

करीमभाई म्हणाला, "आता कसं! शाळिग्राम हलला."

तिची नोकरी वाचली, पण ताकीद मिळालीच. मला ते अन्यायाचं वाटलं, तसं मी तिला म्हणालोही. ती म्हणाली, "नाई आबाजी, साहेबाचं बरोबर हाये. न पाहता लिहू नये. मी लिहिलं." त्या दिवसापासून माझ्या हो-ला तिनं हो मानलं नाही. स्वतः हात घालून पाही आणि मग लिही. मला त्याचा राग आला नाही. व्यापाऱ्यानं करंडी उघडून पाहावी, हेच बरं. न उघडता घेणाऱ्यांनी मला बिघडवलं होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही, सगळा थकवाच आठवतो. शंकरचा ताप दहा-बारा दिवस उतरला नाही. सगुणाबाई सडलेलं मांस थोडं थोडं कात्रीनं काढी, तो ओरडे, मी त्याचे खांदे धरून ठेवी. शहरातल्या सरकी काढायच्या कारखान्याचा भोंगा झाला की मी उठे आणि त्याला वळवी. तेवढं झालं की मला बसवत नसे. कारण पुढच्या खाटेवर दुसरा कोणी त्याच्यासारखाच पडलेला असे आणि सगुणाबाई वार्डाच्या दुसऱ्या टोकाला असे. मी करीमभाईला वळवलं. मग पलीकडच्याला. तिनं मला पाठीखाली हात कसा घालायचा ते दाखवलं आणि मग म्हणाली, "तुमचा हात बरा हाये. बोटं लागत नाईत." मी म्हणालो, "पानानं शिकवलं." ते आमच्यातलं पहिलं धड बोलणं.

कोपऱ्यातल्या खाटेवर एक महार म्हातारा होता, मजुरीचा, कोणी नसलेला. त्याच्या पाठीखाली हात घालताना माझा हात थांबला. हे मी लपवत नाही. थांबला हे त्याला कळलं आणि त्यानं डोळे मिटून घेतले, जणू लाज त्यानंच बाळगायची होती. मग मी हात घातला. अंग इतकं हलकं होतं की मला रडू आलं. त्याच दुपारी सगुणाबाई माठाजवळ उभी राहून पाणी पीत होती. मी माझा लोटा पुढे केला. "बाई, याच्यात वता."

"बाटाल, आबाजी."

"बाटलो त बाटलो. तहान लागली."

तिनं पाणी ओतलं. पाणी पाण्यासारखंच लागलं, थोडं खारट. ती हसली. पहिल्यांदाच तिचे दात दिसले.

मग एके सकाळी तिनं पट्टी काढली आणि मला हाकेनं बोलावलं, "आबाजी, या, पाहा." मी भीत भीत वाकलो. काळं सगळं गेलं होतं. खाली लाल, ओलं, जिवंत मांस होतं, पावसाळ्यात तोडलेल्या वेलाला फुटतो तसल्या कोंभाच्या रंगाचं. ती म्हणाली, "आता भरून येईल." एवढंच म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. मी जमिनीवर बसलो आणि देवीचं नाव घेतलं. त्या नावात या खेपेला दटावणी नव्हती, हे मलाच ऐकू आलं.

भादव्यात शंकर काठी टेकत घरी आला. एक पाय थोडा आखूड राहिला. दुसरी नर्स त्या वर्षी आली नाही. तो अर्ज नागपूरला पोहोचला की नाही, मला कळलं नाही. सगुणाबाईची पुढे धामणगावाकडे बदली झाली. त्याच्या आधी तीन वर्षं, मळ्यातलं काम हलकं असलं की मी महिनाभर अकोल्याला जाऊन राही आणि तिच्या वार्डात हात धुऊन उभा राही. लोक म्हणत, म्हातारा चळला. चळलो असेन. एक म्हातारा म्हणजे काही नर्स नव्हे. ती जे जाणत होती त्याचा मला नखाएवढाही अंश आला नाही. पण बत्तीस खाटांपुढे एकटं उभं राहणं काय असतं, ते मी तिच्या पायांत पाहिलं होतं. ते पाहिल्यावर घरी बसवत नव्हतं.

देवीला मी अजून दरवर्षी पहिला खुडा पाठवतो. मोजत नाही. तिच्यावर माझं काही येणं नाही, हे मला त्या करंडीनं शिकवलं. समर्पण म्हणजे काय हे मला पोथी वाचून सांगता येणार नाही. मला इतकंच कळतं, की आपल्या अंगाची खालची बाजू आपल्याला दिसत नाही, ती दुसऱ्याला पाहू द्यावी लागते. मी तिथं पान बांधून चादर ओढत बसलो होतो. चादर निघाली, हीच तिची कृपा.

गेल्या संक्रांतीपासून माझं अर्धं अंग गेलं आहे. आता मी खाटेवर आणि शंकर माझ्या उशाशी. दर दोन तासांनी तो येतो, कोपरापर्यंत हात धुऊन. पाठीखाली हात घालतो, नख लागू देत नाही, कंबर पुसतो, चादरीची वळी सरळ करतो, आणि उचलून पाहिल्याशिवाय जात नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो होतो, राहू दे, दुखत नाही. तो म्हणाला, "बाबा, तुमचं हो अन नाई आपन दोघाईनं अकोल्यात पाह्यलं हाये." मी वळवू दिलं. हात त्याचा आहे, पण त्या हातात ती बाई आहे, आणि ती म्हातारीही.

अजून थोडं लिहायचं होतं. पण त्याच्या आखूड पायाचा आवाज ओसरीवर आला. आता उजव्या कुशीवर.